बिलात न येणारा खर्च

‘कॅन्सर म्हणजे कॅन्सल’ असा एक क्रूर विनोद आपल्याकडे कित्येक वर्षे चालत आला आहे. वैद्यकशास्त्राने तो बऱ्याच अंशी खोटा ठरवला. स्तनाचा, गर्भाशयमुखाचा, तोंडाचा कॅन्सर वेळेवर सापडला तर रोगी बरा होऊन घरी येतो; चांगल्या रुग्णालयात पोचलेली रक्ताच्या कॅन्सरची लहान मुलेही आज मोठ्या संख्येने बरी होतात. त्यामुळे तो विनोद मागे पडला आणि त्याच्या जागी दुसरे वाक्य रूढ झाले : ‘बरा होतो हो, पण पैसा पाहिजे.’ हे वाक्य आपण एस.टी.च्या थांब्यावर ऐकतो, लग्नाच्या मांडवात ऐकतो, आणि मान हलवून पुढे जातो. पावसात गेले की भिजायचेच, तसे घरात कॅन्सर शिरला की कर्जबाजारी व्हायचेच, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. या समजुतीलाच माझा आक्षेप आहे. खर्च काही गाठीसारखा शरीरात वाढत नाही. तो किमतींतून, कायद्यांतून आणि विशेषतः अंतरांतून तयार होतो, आणि या तिन्ही गोष्टी माणसांनी ठरवलेल्या आहेत.

आपल्या चित्रपटांनी या बाबतीत आपली थोडी दिशाभूलच केली, असे म्हटले तर वावगे ठरू नये. १९७१ सालचा ‘आनंद’ आठवा. नायकाला दुर्धर कॅन्सर आहे, तो हसतो, हसवतो, कविता ऐकतो आणि आपल्याला रडवून जातो. मरण कसे स्वीकारावे हे त्याने एका पिढीला शिकवले. पण त्याच्या तपासण्यांचे पैसे कोणी दिले, हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात शिरत नाही. गंमत अशी की, त्याच चित्रपटात रमेश देव यांनी रंगवलेला डॉ. प्रकाश कुलकर्णी हा पैशाचे कोडे आपल्या पद्धतीने सोडवत असतो. श्रीमंतांच्या काल्पनिक दुखण्यांवर तो भरपूर फी घेतो आणि त्या जोरावर गरिबांवर उपचार करतो. पुढे २००४ च्या ‘श्वास’मध्ये कोकणातून नातवाला घेऊन शहरात आलेले आजोबा दिसले, रुग्णालयातली समाजसेविका दिसली, अर्जांवरच्या सह्या दिसल्या. मराठी पडद्यावर रुग्णाबरोबर त्याचा सोबतीही आजारी पडतो हे तेव्हा कळले. परंतु असे अपवाद थोडे.

आता किमतीकडे वळू. आम्हा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी मागणीची लवचिकता शिकवतात. उदाहरणे ठरलेली : मीठ आणि काड्यापेटी. किंमत वाढली तरी मागणी फारशी घटत नाही. मिठापेक्षाही ताठर मागणी कशाची असेल, तर ती मरणाच्या दारातल्या माणसाला लागणाऱ्या औषधाची. पण ते उदाहरण क्रमिक पुस्तकात मी तरी वाचलेले नाही. विक्रेत्याला मात्र ते पाठ असते. बायर या कंपनीचे मूत्रपिंडाच्या व यकृताच्या कॅन्सरवरील सोराफेनिब हे औषध भारतात महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना मिळत असे. मार्च २०१२ मध्ये पेटंट नियंत्रकांनी हैदराबादच्या नॅटको कंपनीला ते बनवण्याचा सक्तीचा परवाना दिला; अट अशी की महिन्याचे औषध ८,८८० रुपयांहून महाग विकायचे नाही आणि मूळ कंपनीला स्वामित्वशुल्क द्यायचे. गोळी तीच, रोग तोच, देश तोच. २ लाख ८० हजारांतले सुमारे २ लाख ७१ हजार औषधात नव्हते, मक्तेदारीत होते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हा निर्णय कायम ठेवला. आपल्या कायद्यात तरतूद असूनही असा परवाना देशात आजवर एकदाच दिला गेला, हेही या ठिकाणी नोंदवून ठेवले पाहिजे.

ही तरतूद आकाशातून पडलेली नाही. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावर पेटंट नाकारले आणि फक्त ते बनवण्याच्या कृतीवर दिले. म्हणून आपल्याकडे स्वस्त औषधांचे कारखाने उभे राहिले. जागतिक व्यापार कराराला बांधील होऊन २००५ पासून आपण पदार्थावरचे पेटंट पुन्हा मान्य केले, पण जुन्याच औषधात किरकोळ बदल करून नवे पेटंट मिळवण्याची वाट कलम ३(ड) ने अडवून धरली. त्याच कलमावर १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसचा ग्लिव्हेकवरील दावा फेटाळला. कायद्याचे एक कलम किती घरे वाचवू शकते, हे राज्यशास्त्राच्या वर्गात सांगण्यासारखे आहे.

मक्तेदारी नसलेल्या औषधांची कथाही फार निराळी नाही. २०१९ मध्ये केंद्र सरकारच्या औषध किंमत प्राधिकरणाने कॅन्सरच्या ४२ औषधांवरील व्यापारी नफा ३० टक्क्यांवर बांधला. त्याबरोबर पाचशेहून अधिक छापांच्या छापील किमती उतरल्या. काहींच्या तर ९० टक्क्यांपर्यंत. दहा रुपयांची वस्तू शंभराला विकली जात होती, असा त्याचा सरळ अर्थ. आणि २०१२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय कॅन्सर ग्रिडमधील रुग्णालयांनी एकत्र येऊन चाळीस औषधांची घाऊक खरेदी केली, तेव्हा निरनिराळ्या औषधांत २३ ते ९९ टक्के बचत झाली. एकूण बचत सुमारे १,३२० कोटी रुपयांची. आपल्याकडे बायका चार घरे मिळून वर्षाचे तिखट करतात, धान्य भरतात; युक्ती तीच. सप्टेंबर २०२५ मध्ये ३३ जीवरक्षक औषधांवरचा वस्तू व सेवा कर शून्यावर आणला गेला, तेही चांगलेच झाले.

शासनाने बिलाचाही विचार केला आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. २०१२ मध्ये राज्यातील आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, पुढे ती साऱ्या राज्यात गेली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. कुटुंबामागे वर्षाला दीड लाखाचे संरक्षण होते, ते आता पाच लाखांचे आहे. २०२४ पासून पिवळे, केशरी, पांढरे असा शिधापत्रिकेचा भेदही उरलेला नाही. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०१८ पासून आहे. धर्मादाय रुग्णालयांना तर कायद्यानेच डॉ. कुलकर्णींची भूमिका दिलेली आहे : सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१अअ खाली, २००६ मध्ये उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार, दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या, आणि त्यासाठी एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम वेगळी काढायची. खाट रिकामी नाही असे उत्तर मिळाले, तर धर्मादाय आयुक्तांकडे दाद मागता येते. ही माहिती रुग्णालयाच्या दर्शनी भागात ठळक लावलेली असावी अशी अपेक्षा. ती वाचायला चष्मा आणि चिकाटी दोन्ही लागतात, हा सार्वत्रिक अनुभव.

इतके असूनही कॅन्सरचा रोगी असलेले घर मोडते. का मोडते?

कारण बिल आणि खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. योजना बिल भरते. खर्च मात्र बिलाच्या किती तरी आधी सुरू होतो आणि बिल चुकते झाल्यावरही चालूच राहतो. त्याला पावती नसते, म्हणून तो कोणत्याही फायलीत येत नाही. आणि फायलीत नाही म्हणून तो झालाच नाही, असे आपली व्यवस्था धरून चालते.

रोग ओळखण्यापासूनच पाहा. योजनेचे कार्ड उपयोगी पडते ते रोगाचे नाव ठरल्यावर, दाखल होताना. आयुष्मान भारतमध्ये दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस आणि नंतरचे पंधरा दिवस धरलेले आहेत. तोंडातली जखम भरत नाही म्हणून माणूस आधी गावच्या डॉक्टरकडे जातो, मग तालुक्याला, मग दातांच्या डॉक्टरकडे, मग जिल्ह्याला. प्रत्येक ठिकाणी तपासणी फी, रक्त, फोटो, सोनोग्राफी. शेवटी कोणी तरी तुकडा काढून तपासायला पाठवतो. या भटकंतीला महिने लागतात आणि ती तीन दिवसांत बसत नाही. रेल्वेची सवलतही अशीच. कॅन्सरच्या रुग्णाला शयनयानात तिकीट पूर्ण माफ आणि सोबत्याला ७५ टक्के सूट, ही खरोखर मोलाची मदत आहे. पण तिच्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो. आपल्याला कॅन्सर आहे का, हे शोधायला केलेला पहिला प्रवास पूर्ण भाड्याचा!

एक हिशेब मांडून पाहू. समजा, किनवट तालुक्यातल्या एका शेतमजुराला गालाच्या आतल्या बाजूचा कॅन्सर झाला, आणि डॉक्टरांनी मुंबईला न्या म्हणून सांगितले. नंदीग्राम एक्स्प्रेसने तो आणि त्याची बायको मुंबईला आली. शस्त्रक्रिया योजनेतून झाली. एक पैसा लागला नाही असेही समजू. आता किरणोपचार, ज्याला खेड्यात ‘लाईट घेणे’ किंवा ‘शेक घेणे’ म्हणतात. तो एका दिवसात उरकत नाही. शस्त्रक्रियेनंतर साधारण तीस वेळा, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे सहा आठवडे. यंत्राखाली जाणे काही मिनिटांचे. उरलेला सारा दिवस मुंबईत काढायचा. या सहा आठवड्यांत दोन माणसांची मजुरी बुडाली. आठवड्याचे सहा दिवस धरले तर एकूण ७२ दिवस. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे २२,४६४ रुपये.

या आकड्याशेजारी दुसरा एक आकडा ठेवावासा वाटतो. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत कॅन्सरसाठी सरकारी रुग्णालयात एकदा दाखल होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च सुमारे साडेबावीस हजार रुपये निघाला होता. (खाजगी रुग्णालयात तो ९३ हजारांवर होता.) दोन्ही आकड्यांची वर्षे वेगळी आहेत, तुलना काटेकोर नाही, हे अर्थशास्त्राचे आमचे सर म्हणण्याआधीच मी मान्य करतो. तरीही सरकारी रुग्णालयाच्या ज्या खर्चाची देश पाहणी करतो, तेवढाच खर्च नुसत्या बुडालेल्या मजुरीत, तोही उपचारांच्या एकाच टप्प्यात होतो आणि त्याची मोजदाद कोणतीही योजना करत नाही, हे त्यातून दिसतेच.

शिवाय पोटाचे काय? शेक घेतलेल्या तोंडाला भाकरी चालत नाही. तिखट लागत नाही, कोरडे गिळत नाही. दूध, अंडी, पातळ खिचडी, नळीतून द्यायचे तर आणखी वेगळे. मुंबईत दोघांचे खाणे दिवसाला दोनशे रुपयांत भागवले, तरी सहा आठवड्यांचे आठ हजारांवर जातात. गावी मागे राहिलेली शेळी शेजाऱ्याकडे, म्हातारी नणंदेकडे, मुले मामाकडे. पेरणीचे दिवस असतील तर त्या वर्षीचे पीकच गेले. हे कुठल्या रकान्यात लिहायचे?

आणि पैसा उभा कसा होतो, तेही पाहण्याजोगे आहे. प्रथम घरातली शिल्लक जाते, मग बचत गटाचे कर्ज, मग हातउसने, मग सोने. डोरले सोडून सारे सोने सोनाराकडे किंवा पतसंस्थेत जाते, शेवटी डोरलेही. बैलजोडी घाईने विकली की भाव पडून मिळतो. सर्वांत शेवटी जमीन, आधी गहाण आणि मग खरेदीखत. रोगी बरा होऊन परततो तो मजूर म्हणून, पूर्वी तो अल्पभूधारक शेतकरी होता. सरकारदरबारी त्याची नोंद ‘मोफत उपचारांचा लाभार्थी’ अशीच राहते.

येथे एक प्रश्न हमखास विचारला जातो. तंबाखू खाताना शुद्ध नव्हती का? महाराष्ट्रात पुरुषांच्या तोंडाच्या कॅन्सरमागे तंबाखूच मुख्यतः आहे, यात तिळमात्र शंका नाही. पण स्तनाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने आजारी असलेल्या बाईने कोणते व्यसन केले होते? अडीच वर्षांच्या मुलाने काय चघळले होते? आणि तंबाखूच्या बाबतीतही, उन्हात ऊस तोडणारा माणूस भूक मारायला चिमूट दाढेखाली धरतो, राज्यात २०१२ पासून बंदी असलेला गुटखा त्याला पानपट्टीवर मिळत राहतो, तंबाखूवरील करातून तिजोरी भरत राहते. आणि शेवटी एकटा तोच गुन्हेगार ठरतो, हा न्याय मला तरी पटत नाही. ‘आमचे लोक फार उशिरा येतात’ ही डॉक्टरांची तक्रार खरी आहे. उशिरा येण्यात अज्ञान आहेच, भीतीही आहे. पण त्यात मोठा भाग हिशेबाचा असतो. दवाखान्यात गेलो तर आजचा रोज बुडतो, ही गोष्ट मजुराला कोणी शिकवावी लागत नाही. धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात टाटा रुग्णालय व बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या मंडळींनी १९९९ पासून सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा जो अभ्यास केला, त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदाच केलेल्या विषाणू-चाचणीनेही गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू घटतात, असे त्यात दिसले. तपासणी गावात आली की बाया आल्या. त्यांना तपासणीपर्यंत जावे लागले असते तर किती गेल्या असत्या, याचा विचार ज्याने त्याने करावा.

म्हणूनच मी म्हणतो की या खर्चाचे खरे मूळ अंतरात आहे. पंजाबमध्ये भटिंड्याहून बिकानेरकडे जाणाऱ्या एका गाडीला लोक वर्षानुवर्षे ‘कॅन्सर ट्रेन’ म्हणत आले. मालव्याच्या कापूसपट्ट्यातले रुग्ण त्या गाडीने राजस्थानातल्या सरकारी कॅन्सर रुग्णालयात जात, कारण जवळ परवडेल असे काही नव्हते. आपल्याकडे अशी एखादी गाडी नाव पडून प्रसिद्ध झाली नाही, इतकाच फरक. मुंबईला येणाऱ्या कोणत्याही लांबच्या गाडीत फाइल छातीशी धरलेला माणूस दिसतो. टाटा रुग्णालय १९४१ साली परळला उभे राहिले, तेव्हा भोवती गिरणगाव होते. आज सबंध देश तिथे येतो आणि जेरबाई वाडिया मार्गाच्या पदपथावर प्लास्टिकच्या कागदाखाली आपल्या तारखेची वाट पाहतो. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आहे, आणखीही संस्था आहेत. त्यांच्याविषयी कृतज्ञतेशिवाय दुसरे काही बोलणे शक्य नाही. पण धर्मशाळा कितीही वाढवल्या तरी माणसाने सहा आठवडे घर सोडून राहण्याची गरज कमी होत नाही. ती गरजच कमी करायला हवी.

ती कमी करता येते. केमोची बाटली लावायला प्रत्येक वेळी महानगरात यावे लागते असे नाही. उपचारांची आखणी मोठ्या केंद्रात झाली की पुढचे डोस जिल्हा रुग्णालयात देता येतात. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत असे दिवसभराचे कॅन्सर केंद्र काढण्याचे जाहीर केले, पहिल्याच वर्षी दोनशे. या घोषणेचे स्वागत. पण किरणोपचाराचे यंत्र, ते चालवणारा तंत्रज्ञ आणि गाठीचा तुकडा तपासणारा डॉक्टर, यांच्याशिवाय ते केंद्र सलाईनच्या खोलीपुरते राहील. नागपूर, छत्रपती संभाजीनगर, बार्शी येथे रुग्णालये आहेत म्हणून तर त्या भागातले काही लोक मुंबईच्या पदपथावरून वाचले. आसाममध्ये राज्य सरकार आणि टाटा न्यास यांनी मिळून सतरा कॅन्सर केंद्रांचे जाळे विणायला घेतले आणि त्यांपैकी सात एप्रिल २०२२ मध्ये एकाच दिवशी सुरू झाली. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात जे सुचले ते गोदावरीच्या खोऱ्यात का सुचू नये?

दुसरी गोष्ट मजुरीची. आजारी कामगाराची मजुरी थांबते, तेव्हा औषधाइतकेच महत्त्व त्या थांबलेल्या मजुरीला आहे, हे तत्त्व आपण १९४८ च्या राज्य विमा कायद्यातच मान्य केले. विमाधारक कामगाराला कॅन्सरसारखा दीर्घ आजार झाला तर दोन वर्षांपर्यंत त्याच्या सरासरी मजुरीच्या ८० टक्के भरपाई मिळू शकते. गिरणीत, कारखान्यात असेल तर मिळते. ऊसतोडणीला, वीटभट्टीला, दुसऱ्याच्या शेतात असेल तर नाही. क्षयरोग्याला पोषणासाठी २०१८ पासून महिन्याला पाचशे रुपये थेट खात्यात मिळू लागले, २०२४ च्या नोव्हेंबरपासून एक हजार. रक्कम लहान असेल, पण औषधाबरोबर भाकरीही लागते हे त्या योजनेला कळले. कॅन्सरच्या रुग्णाला आणि त्याच्या एका सोबत्याला, उपचारांच्या दिवसांपुरती, रोजगार हमीच्या दराने मजुरी द्यावी, ही माझी मागणी त्यामुळे अघोरी ठरू नये. उपचार चालू असल्याचा दाखला रुग्णालय देतेच. त्याच दाखल्यावर हे करता येईल. पाच लाखांची मर्यादा सात लाख करण्यापेक्षा, त्यातले पन्नास हजार माणसाच्या हाती पडू देणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. पैसे खातील, दारूत उडवतील, असे म्हणणारे भेटतील. रुग्णालयांची बिले कधी फुगत नाहीत, असे त्यांना वाटते की काय?

आता थोडे आपल्या महाविद्यालयाविषयी. हा विषय कला शाखेच्या वार्षिकात कशाला, विज्ञानवाले पाहून घेतील, असे एका मित्राने मला सुनावले. त्याने आपल्याच वर्गाचा हजेरीपट नीट पाहावा. दर वर्षी काही नावांपुढे दिवाळीनंतर ओळीने गैरहजेरी लागते आणि मार्चमध्ये ती नावे परीक्षेच्या यादीत नसतात. त्यांपैकी काहींच्या घरी आई किंवा वडील अंथरुणाला खिळलेले असतात. मुलगा असेल तर तो कामाला लागतो; मुलगी असेल तर ती सोबतीला जाते, किंवा घाईने तिचे लग्न उरकले जाते, ‘बापाच्या डोळ्यांदेखत होऊ द्या’ म्हणून. तिचे शिक्षण थांबले ते कॅन्सरच्या खर्चात धरायचे की नाही? मी तर म्हणेन, त्या खर्चातला तोच सर्वांत मोठा आकडा आहे, आणि तो तिचे उरलेले आयुष्य व्याजासह फेडत राहते.

प्राध्यापक मंडळींनी क्षमा करावी, पण ७५ टक्के हजेरीचा नियम या मुलींना ओळखत नाही. आजारपणाची सूट मिळते ती विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाच्या वैद्यकीय दाखल्यावर. आईला घेऊन सहा आठवडे मुंबईत राहिलेली मुलगी स्वतः ठणठणीत असते, म्हणून ती दोषी! सोबत्यासाठी रुग्णालय जो दाखला देते, तो आपल्या कार्यालयाने ग्राह्य धरावा आणि अशा विद्यार्थ्याचे परीक्षा शुल्क विद्यार्थी साहाय्य निधीतून भरावे, एवढे तरी आपल्या हातातले आहे. त्यासाठी दिल्लीचा अर्थसंकल्प लागत नाही, प्राचार्यांची एक सही लागते.

आणखी एक. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दर वर्षी दत्तक गावात शोषखड्डे खणतो, प्रभातफेरी काढतो आणि कुटुंबांची पाहणी करतो. त्या पाहणीत जनावरे किती, शौचालय आहे का, दूरदर्शन संच आहे का, हे विचारतो. पुढच्या हिवाळी शिबिरात अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र विभागांनी मिळून, गावातल्या ज्या घरांत गेल्या पाच वर्षांत कॅन्सर झाला, तेवढ्याच घरांची वेगळी नोंद करावी, असे मी सुचवतो. घरे थोडीच निघतील. माहिती त्यांच्या राजीखुशीने आणि नावे न लिहिता घ्यावी. दुखणे पहिल्यांदा जाणवले कधी आणि रोगाचे नाव कळले कधी, मधल्या काळात किती दवाखाने झाले, किती खेपा, सोबत कोण गेले, किती दिवसांचा रोज बुडाला, काय विकले, काय गहाण आहे, योजनेचे कार्ड कुठे चालले आणि कुठे नाही. ही माहिती जिल्हा शल्यचिकित्सकांना आणि तहसीलदारांना पाठवली, तर निदान आपल्या तालुक्यापुरता तरी हा खर्च कुठल्याशा फायलीत जाईल.

प्रश्नावलीचा कच्चा मसुदा मी तयार करून विभागात दिला आहे. ‘घरातील कोणाचे शिक्षण थांबले?’ हा प्रश्न मी अगदी शेवटी, ‘इतर माहिती’च्या वर घातला होता. सरांनी लाल पेनाने त्यावर बाण काढून तो तिसऱ्या क्रमांकावर घेतला, आणि समासात लिहिले : ‘इयत्ताही विचारा.’